पाहुण्यांसोबत खेळण्यासाठी व्हिडिओ गेम निवडताना
गणपतीला खानापूर-निपाणीहून आलेल्या मावशींच्या हाती कंट्रोलर द्यायचा असेल, तर गेमची कीर्ती न पाहता तो किती बटणे वापरायला लावतो, हे आधी पाहावे. नवख्याला खरी अडचण येते ती एका अंगठ्याने चालताना दुसऱ्याने कॅमेरा, म्हणजे पडद्यावरचे दृश्य, फिरवण्याची. म्हणून ही कसरत लागणारा 'इट टेक्स टू' हा २०२१ चा, केवळ दोघांसाठीच घडवलेला सुंदर गेम पहिल्याच दिवशी लावू नये. सुरुवात 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने करावी, कारण त्यातील स्मार्ट स्टीअरिंग गाडीला रस्ता सोडू देत नाही आणि ऑटो-ॲक्सिलरेट सुरू केल्यास बटण दाबून धरावे लागत नाही. 'ओव्हरकुक्ड' या मिळून स्वयंपाक करण्याच्या गेममध्ये बटणे मोजकी, पण घाई फार. आणि कृपया, मावशी अडखळल्या तरी "मी दाखवतो" म्हणत त्यांच्या हातून कंट्रोलर काढून घेऊ नका.