किल्ल्यावर ट्रायपॉड हवा असेल तर अर्जात 'ग्वाल्हेर किल्ला' लिहू नका

तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेर किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या (नाव मंदिर, पण आहे राजवाडा) दारात पहारेकऱ्याने ट्रायपॉड अडवला, एका कार्यालयाने दुसरीकडे धाडलं, आणि शेवटी हातात धरून काढलेलं तेली मंदिर फोटोत मागे कललेलं आलं. वाचून आपलंच दुखणं आठवलं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी अर्जाचं. किल्ला डोंगरावर एक आहे, कागदावर नाही. मानमंदिर, तेली मंदिर, सास-बहू मंदिरं ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. गुजरी महालातलं संग्रहालय आणि वरचे कर्ण, विक्रम, जहांगीर, शाहजहान महाल राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. गुरुद्वारा आणि सिंधिया स्कूल आणखी निराळे. नुसतं 'ग्वाल्हेर किल्ला' लिहिलं की कारकुनाला कागद फिरवायला आयती सबब मिळते. माझा तसाच फिरला. एका कार्यालयाने (नाव नको) तो दाबून ठेवला आणि 'आमच्या अखत्यारीत नाही' एवढा एका ओळीचा शेरा मारून परत केला. मग कुणाच्या, ते लिहायची तसदी नाही! तोवर फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन संपलं होतं. चूक माझी, मान्य. पण हे पहिल्याच दिवशी खिडकीवर सांगायला काय जात होतं?

म्हणून दर स्मारकाला वेगळा अर्ज करा. बाहेरच्या संरक्षित स्मारकाच्या फलकावर जे नाव असेल तेच लिहा, शिलालेखासारखं अक्षरशः. एक तारीख न देता आठवडाभराची मुदत मागा. 'वैयक्तिक छंद, विक्री नाही', माणसं किती, ट्रायपॉड एक, पायांना रबर, दिवे नाहीत, हे स्पष्ट असू द्या. ओळखपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंजुरी आली की तीन झेरॉक्स बाळगा, एक दारावर ठेवून घेतात. शुल्क आणि नियम बदलत असतात, त्यामुळे जाण्याआधी विचारून घ्याच. माझा शब्द शेवटचा धरू नका.

आणि खरं सांगू? दिवसा किल्ल्यावर ट्रायपॉड लागतच नाही. मानमंदिराच्या आतल्या दालनांत आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) १६०० ते ३२००, लेन्सचं छिद्र एफ ५.६, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर १/१५ सेकंद पुरतं. खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेका, सलग पाच फ्रेम घ्या. पहिली आणि शेवटची बटणाच्या धक्क्याने हलते, मधली एखादी हमखास धारदार निघते. कोरीव भिंतीला मात्र टेकू नका.

तेली मंदिर कलतं ते कॅमेरा वर उचलल्यामुळे. मंदिर सुमारे ३० मीटर उंच आहे. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ एमएमची लेन्स, फ्रेम उभी आणि कॅमेरा वर न उचलता अगदी समोर रोखून धरला तर ४० मीटर मागे यावं लागतं. १८-५५ किट लेन्सच्या १८ वर, छोट्या सेन्सरला, साधारण ४५ मीटर. फ्रेमचा खालचा अर्धा भाग नुसता गवत येईल, येऊ द्या, तो नंतर कापा. सॉफ्टवेअरने सरळ केलेला कळस ताणलेला दिसतो, मला तरी तो बघवत नाही.

मानमंदिराची निळ्या टाइल्सची दर्शनी भिंत पूर्वेला आहे, म्हणजे सकाळचंच काम. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि निळा रंग राखाडी पडतो. टाइल्सना झिलई असल्याने त्यांत आकाश चमकतं. पोलरायझर (चमक कापणारा फिरता फिल्टर) लावा, पण भिंतीसमोर सरळ उभं राहून त्याचा उपयोग नाही. भिंतीशी सुमारे ३५ अंशांचा तिरपा कोन करून उभे राहा, तिथे तो सर्वांत जास्त चमक कापतो. दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा आयएसओ वाढवा. डिसेंबर-जानेवारीत मात्र ही सकाळ बहुधा धुक्यात जाते (आपण इकडे कोहराच म्हणतो). दिवाळीनंतरचे दिवस किंवा फेब्रुवारी बरा.

किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या शिलालेखात कोरलेला शून्याचा अंक टिपायला बरेच जण जातात. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पाणी लावणाऱ्यांना खरं तर दंडच व्हायला हवा. प्रकाश कडेने, भिंतीला जवळजवळ समांतर आला की अक्षरं आपोआप उठतात. समोरून मारलेला फ्लॅश ती सपाट करतो.

ड्रोनचा विचार डोक्यातून काढा, जवळच महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे.

आणि हो, गाडी उरवाई दरवाज्याने थेट वर जाते, पण टाइल्ससाठी ग्वाल्हेर गेटकडून पायीच चढा. हाथी पोल या दरवाज्याच्या अलीकडच्या चढावरून भिंत तिरपी दिसते, वर सांगितलेला कोन तिथे चालता चालता सापडतो.