‘एन्त्सियान’ म्हणजे कुटकी का?

एका अनुवादकबाईंनी विचारलंय: जर्मन कथेत आल्प्स पर्वतातल्या टिरोलमधली आजी जेवणाआधी नातवाला ‘एन्त्सियान’च्या मुळीचा अर्क पाजते. तिथे ‘कुटकी’ लिहिलं तर चालेल का?

मी तरी लिहिणार नाही. कुटकी ही कडू औषधी वनस्पती हिमालयातली, कूळही वेगळं. घोटाळा होतो तो नावांमुळे. कुटकी ‘पिक्रोऱ्हायझा कुरोआ’, आणि एन्त्सियानची हिमालयी बहीण ‘जेन्शियाना कुरू’. बाजारात एकीत दुसरी मिसळतातही.

चवीचं खरं नातं आहे काडेचिराइताशी. कूळ तेच, आणि अमरोजेंटिन हे कडू द्रव्यही दोन्हींत. त्याच्या एका भागात 5 कोटी 80 लाख भाग पाणी घातलं तरी जिभेला कडू लागतं म्हणे. रात्री भिजवलेल्या काड्यांचं पाणी सकाळी नाक दाबून प्यायलेल्यांना हे पटायला जड जाणार नाही. पण ‘चिराईत’ लिहिलंत की आजी आल्प्समधून थेट आपल्या माजघरात येऊन बसेल.

मग इंग्रजीतून आलेलं ‘जेन्शियन’? नाव तेच, दोन्ही रूपं लॅटिन ‘गेन्तियाना’वरून. प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या मते या वनस्पतीचा शोध बाल्कनमधल्या इलिरियाच्या गेंटियस राजाने लावला (रोमनांनी त्याला इ.स.पू. 168 मध्ये हरवलं). पण मराठी वाचकाला ‘जेन्शियन’ म्हटलं की तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध आठवतं, जीभ आणि सदऱ्याची बाही दोन्ही रंगवणारं. ते जेन्शियन व्हायोलेट निव्वळ कृत्रिम रंग. त्यात ही वनस्पती औषधालाही नाही! आणि कथेतल्या एन्त्सियानची फुलं तर पिवळी असतात. म्हणून ‘एन्त्सियान’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘डोंगरातली कडू मुळी’ एवढं जोडा.

‘मूळ’ की ‘मुळी’, हेही पाहा. जमिनीतून खणून काढतात ते मूळ. मनगटाएवढं जाड, कापलं की आत पिवळसर. वाळवून लालसर तपकिरी झालेले तुकडे आजीच्या बरणीत गेले की ती मुळी. ज्येष्ठमधाचं आपण असंच बोलतो.

आणि पुढे खानावळीत कुणी नुसतं ‘एक एन्त्सियान’ मागितलं, तर तिथे मुळी लिहू नका. तो त्या मुळांपासून गाळलेल्या दारूचा पेला आहे. बाटलीवर बहुधा निळं फूल असतं, म्हणजे भलत्याच जातीचं. कथेत निळं फूल आलं असेल तर ते तिथूनही आलं असेल.