अग्निवीर भरती: सोळाशे मीटर आणि बीम

‘सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत’ हा आकडा घोकू नकोस, फेरीचा वेळ पाठ कर. ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या होतात. जनरल ड्युटीच्या (साध्या सैनिक पदाच्या) मुलांना पूर्ण ६० गुण हवे असतील तर फेरीला ८२ सेकंद. मिलिटरी पोलिसांत जाणाऱ्या मुलींना पहिल्या, म्हणजे सर्वात वेगवान गटासाठी साडेसात मिनिटं, म्हणजे फेरीला ११२.

बहुतेक जण फसतात ते पहिल्याच फेरीत. गर्दीतून पुढे निघायला ७० सेकंदांत पळायचं आणि तिसऱ्या फेरीत पाय दगड! आठवड्यातून दोनदा ४०० मीटर सहा वेळा, प्रत्येक वेळी ८० सेकंदांत पळ. मध्ये दोन मिनिटं चाल. मुलींनी तेच ११० सेकंदांत. रोज डांबरी रस्त्यावर पळशील तर नडगी धरेल, मातीचं मैदान शोध.

बीमला, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायला, १० पुलअपचे ४० गुण, ६ चे फक्त १६. हनुवटी दांड्याच्या वर, खाली येताना कोपर पूर्ण सरळ. झोका घेतलास तर ती मोजणार नाहीत. एकही निघत नसेल तर स्टुलावरून वर जाऊन पाच सेकंदांत सावकाश उतर. असं पाच वेळा, तीन सेट. आणि हा सराव धावून आल्यावरच कर, ताज्या हातांचा आकडा फसवा असतो.

मुलींना बीम नाही. १० फूट लांब उडी, ३ फूट उंच उडी. इथे ताकदीपेक्षा पावलं चुकतात. धावपट्टीवर खूण करून रोज त्याच पायावर उडी घे.