सर्जिकल वॉर्डात नर्सिंगची एफिशियन्सी कशी मोजायची आणि कशी वाढवायची?

प्रोजेक्टसाठी एक सिस्टर एका पाळीत किती काम करते ते मोजायचंय असं तुम्ही लिहिलंय. मी 19 वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून काढलीत म्हणून सांगते, इंजेक्शनं आणि ड्रेसिंगं मोजू नका.

जळगावात एका खाजगी हॉस्पिटलला होते तिथे मॅनेजर साहेबांनी हेच केलं होतं. सुपरवायझरच्या हातात कागद, सिस्टर पेशंटजवळ नुसती बसलेली दिसली की "रिकामी" लिहायचं. रात्रीला 28 बेडला आम्ही दोघी. पारोळ्याकडची एक आजी, मुतखड्याचं ओपन ऑपरेशन, बीपी 110/70, ड्रेसिंग वरून कोरडं ठणठणीत, पण सारखी चुळबुळ करत होती म्हणून स्टूल ओढून बसले. म्हणते, "बाई, पाठले वल्लं लागी ऱ्हायनं," म्हणजे पाठीला ओलं लागतंय. कमरेखाली हात घातला तर बोटं रक्ताने भरली, सगळं कुशीवरून ओघळून मागे मॅकिन्टॉशवर (चादरीखालच्या रबरी शीटवर) साचलेलं, नाडी 124, म्हणजे फारच जलद. सर्जनना फोन, लगेच परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. आजी वाचली, चालत घरी गेली. कागदावर मात्र माझी ती 10 मिनिटं रिकामी, आणि तोच कागद दाखवून पुढच्या मीटिंगमध्ये रात्रीची एक सिस्टर कमी करायचं ठरलं. मी भांडले, कोणी ऐकलं नाही, मग नोकरी सोडली.

मोजायचंच तर काय राहून गेलं ते मोजा. ओटीतून आलेल्या पेशंटचे पहिल्या तासातले दर 15 मिनिटांचे बीपी-पल्स खरंच घेतले का नंतर एकदम भरले, युरिन आउटपुट (लघवी किती झाली ते) किती वेळा लिहायचं राहिलं, दुखतंय म्हटल्यावर गोळी किती वेळाने मिळाली. आणि सिस्टर किती वेळ वस्तू शोधत फिरते ते. आता जिथे आहे तिथे आख्ख्या वॉर्डात बीपीचं एकच मशीन होतं, दुसरं मागून घेतलं आणि ड्रेसिंग ट्रॉली आदल्या पाळीने भरून ठेवायची असं ठरवलं, त्यानेच सगळ्यांची पायपीट कमी झाली. पाळी बदलताना पेशंट सोपवायचा हँडओव्हर टेबलावर नको, बेडपाशी, चादर उचलून.

नर्सिंगच्या अमेरिकन संशोधक लिंडा एकेन यांचा 2002 चा पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास वाचा, त्यात सर्जरीच्या पेशंटमध्ये नर्समागे एकेक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो अभ्यास तेव्हा माझ्या हातात असता तर मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला असता.

हां, अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत, आपल्याकडे अर्धं काम नातेवाईक करतात. आणि हर्नियाचे 6 पेशंट आणि आतड्याच्या ऑपरेशनचे 6 हे सारखं काम नाही, तो फरक फॉर्ममध्ये धरा. कामचुकार सिस्टर असतात, नाही म्हणत नाही. पण मोजणी रात्री 2 ते 5 ची करा, दुपारच्या राउंडची नको.