कॉम्प्युटेशनल बायोलॉजीची पदवी आणि गणिताचा धसका

नमस्कार ताई,

तुमची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीवशास्त्राची तिला मनापासून गोडी आहे आणि गणित म्हटलं की पोटात गोळा येतो. कॉम्प्युटेशनल बायोलॉजीच्या, म्हणजे जीवशास्त्रातली माहिती प्रोग्रॅम आणि गणिताच्या मदतीने तपासण्याच्या शास्त्राच्या, पदवीसाठी लागणाऱ्या विषयांची यादी तुम्ही दोघींनी मिळून वाचली. त्यात कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संभाव्यता, संख्याशास्त्र असं एकापाठोपाठ एक आलं आणि तिचा धीर सुटला. ‘आधी साधी जीवशास्त्राची पदवी घेऊन प्रोग्रॅमिंग नंतर एखाद्या कोर्समधून शिकली, तर एवढं गणित टळेल का?’ असं तुम्ही विचारलं आहे.

प्रोग्रॅमिंग नंतर शिकता येतं, पुष्कळजण शिकतातही. संख्याशास्त्र टाळून मात्र या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत. समजा, आजारी आणि निरोगी पेशींची तुलना करून कोणती जनुकं वेगळी वागतात हे शोधायचं आहे. प्रत्येक जनुकासाठी एक चाचणी केली आणि नेहमीची ०.०५ ही मर्यादा (म्हणजे संबंध नसतानाही शंभरात पाच वेळा ‘आहे’ असं चुकून दिसणं चालवून घेणं) लावली, तर त्या आजाराशी एकाही जनुकाचा संबंध नसला तरी निव्वळ योगायोगाने सुमारे १,००० जनुकं ‘सापडतात’. सॉफ्टवेअर ती यादी बिनबोभाट काढून देतं, कुठेही एरर येत नाही. त्या यादीवर विसंबून पुढचे प्रयोग आखले, तर कितीतरी श्रम वाया जातात. म्हणून इथे बेंजामिनी आणि हॉकबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेली, असे खोटे शोध आटोक्यात ठेवणारी दुरुस्ती किंवा तशीच दुसरी एखादी पद्धत वापरावी लागते. ती वापरायला कोडची एक ओळ पुरते. ती का आणि केव्हा वापरायची, हे समजायला संभाव्यता पक्की लागते. यादीतल्या कुठल्याही विषयापेक्षा याच विषयाला तिने जास्त वेळ द्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

लिनिअर अल्जिब्राचंही तसंच. जनुकं ओळींत आणि नमुने रकान्यांत मांडले की झाली मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता. पुढचं बरंचसं विश्लेषण त्या मॅट्रिक्सवरच चालतं. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सला तर तिने मुळीच घाबरू नये. त्यात लांबलचक आकडेमोड कमी आणि तर्क, मोजणी, ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) हे जास्त. शाळेच्या गणिताचा कंटाळा असलेली मुलं इथे रमलेली मी पाहिली आहेत. कॅल्क्युलस रोजच्या कामात त्या मानाने कमी दिसतं, पण संभाव्यतेचा पुढचा अभ्यास त्यावर उभा असतो, म्हणून ते पहिल्या वर्षी ठेवतात.

तिची जमेची बाजू जीवशास्त्र, आणि तीही यादीत भक्कम आहे: जनुकशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेसह. डीएनएचे दोन धागे उलट दिशांनी वाचले जातात, आणि त्यांच्यावरच्या अक्षरांत ए समोर टी, जी समोर सी असतो. एका धाग्यावर ‘एटीजीसी’ असेल, तर समोरच्या धाग्यावर तीच जागा ‘जीसीएटी’ अशी वाचायची. हे ठाऊक नसलेला उत्तम प्रोग्रॅमर एकाच धाग्यावर शोध घेतो आणि दुसऱ्या धाग्यावरची जनुकं त्याच्या हातून सुटतात. (नावांचाही असाच घोळ होत असे. ‘सेप्ट २’ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाकलं की त्याची २ सप्टेंबर ही तारीख व्हायची. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्याचं नाव ‘सेप्टिन २’ केलं आणि २०२० साली असे बदल जाहीर केले.) अशा जागा तुमच्या मुलीच्या नजरेला लगेच येतील. ऑरगॅनिक केमिस्ट्रीबाबत मात्र प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो. कुठे ती सक्तीची, कुठे ऐच्छिक. पुढे वैद्यकीय किंवा जीवरसायनाकडे वळायचा विचार असेल, तर ती घेतलेली बरी.

आता यादी कशी वाचायची ते सांगतो, कारण खरी अडचण बहुधा इथे येते. विषयांची नावं आणि क्रेडिट मोजून भागत नाही, कोणत्या विषयाआधी कोणता पूर्ण हवा ते पाहावं लागतं. प्रोग्रॅमिंग झाल्याशिवाय डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रॅममध्ये माहिती मांडून ठेवायच्या रचना) मिळत नाही, त्याशिवाय अल्गोरिदम (टप्प्याटप्प्याने उत्तर काढायच्या पद्धती) नाही, आणि अल्गोरिदम व संभाव्यता दोन्ही झाल्याशिवाय शेवटच्या वर्षाचे जिनोमिक्सचे (संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाचे) विषय सहसा मिळत नाहीत. पहिलाच विषय वर्षभर पुढे ढकलला, तर क्रेडिट पुरेसे असूनही पदवी लांबते. तिला एका मोठ्या कागदावर सगळे विषय लिहून बाण काढायला सांगा. कोणत्या विषयाला थांबून चालणार नाही, ते लगेच दिसेल.

जीवशास्त्रात पदवी आणि जोडीला कॉम्प्युटर किंवा संख्याशास्त्राचा मायनर (दुय्यम विषय), हा मार्गही चांगला आहे. मात्र त्यात डेटा स्ट्रक्चर्स आणि खरी संभाव्यता आहे का, ते तपासा. एका सत्राचं ओझरतं बायोस्टॅटिस्टिक्स पुरत नाही. कोणताही मार्ग घेतला तरी पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग तिने घ्यावंच, असा माझा आग्रह आहे. कॉम्प्युटेशनल बायोलॉजीच्या पदवीतून नंतर जीवशास्त्राकडे वळणं सोपं जातं. उलट दिशेने येताना ही सगळी साखळी पहिल्यापासून धरावी लागते.

नोकरीचं थोडक्यात: पदवीवर डेटा विश्लेषणाची आणि सॉफ्टवेअरची कामं मिळतात, पण स्वतंत्र संशोधनाच्या जागांना बहुतेक ठिकाणी पुढचं शिक्षण मागतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणूनच मन लावून करायचा.

निर्णयाआधी एक करून पाहा. ‘रोझालिंड’ या मोफत संकेतस्थळावर जीवशास्त्रातली कोडी प्रोग्रॅम लिहून सोडवायची असतात. पहिलं कोडं डीएनएतली अक्षरं मोजण्याचं आहे, आणि मघाशी सांगितलेली समोरच्या धाग्याची गोष्टही सुरुवातीच्याच कोड्यांत येते. काही आठवडे तिला ती पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सोडवू द्या. उत्तर किती लवकर आलं याला महत्त्व देऊ नका. एरर आल्यावर ती चिडून उठते, की जेवायला हाक मारली तरी ‘थांब गं, एवढं बघते’ म्हणते, तेवढं पाहा. तिला खरोखर गोडी वाटली, तर संस्थेच्या विभागाला लेखी विचारा: गणिताची पायाभरणी करणारा विषय पहिल्या सत्रात मिळतो का, मूळ विषयांत किमान श्रेणीची अट आहे का, आणि एखाद्या विषयात ती कमी पडली तर तो पुन्हा कोणत्या सत्रात घेता येतो. त्यांचं उत्तर आलं की मला कळवा, पहिल्या वर्षाचे विषय आपण मिळून ठरवू.