नववीतल्या मुलीला सातारा-सांगलीकडच्या कुठल्या बायकांबद्दल सांगावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीला शाळेत चाकोरी मोडलेल्या बायकांवर बोलायचंय, आणि साहित्य, विज्ञान, राजकारण तिन्ही येईल अशा, आपल्या सातारा-सांगलीच्या नाहीतर इथं येऊन काहीतरी करून गेलेल्या कोण आहेत असं तुम्ही विचारलंय. माझं सासर कराड आणि माहेर वाळवा तालुक्यातलं, त्यामुळं उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिलं कराडचंच सांगते. डिसेंबर १९७५ मध्ये इथं मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष लेखिका दुर्गा भागवत. आणीबाणी लागून पाच-सहा महिने झालेले, पेपरवर सेन्सॉर, माणसं रात्रीत उचलून आत टाकलेली. इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध आंदोलन करणारे जयप्रकाश नारायण अटकेत असतानाच आजारी पडले, किडन्या निकामी झाल्या, मग सुटका करून मुंबईला जसलोकमध्ये ठेवलेलं. आणि संमेलनाला यशवंतराव चव्हाण हजर, म्हणजे त्या वेळचे केंद्रातले परराष्ट्रमंत्री, आणि कराडकरांना तर घरचंच माणूस. त्यांच्या देखत दुर्गाबाईंनी सगळ्यांना जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला सांगितली. आज ऐकताना ह्यात काय एवढं असं वाटतं, पण त्या दिवसांत ते नाव मोठ्यानं घेणं म्हणजे स्वतःहून पोलिसांना पत्ता देण्यासारखं होतं. आमचे सासरे तेव्हा कॉलेजला होते, मांडवात पार मागं उभे होते. ते अजून सांगतात की मान खाली घातली, हात जोडले आणि हात थरथरायला लागले, थंडीनं का भीतीनं ते तेव्हाही कळलं नाही. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली, मुंबईत एशियाटिकच्या लायब्ररीतून, म्हणजे अभ्यास करता करताच नेलं. पुढं सरकारी मानसन्मान देऊ केले तेही त्यांनी घेतले नाहीत.

आता विज्ञान कुठं आलं म्हणाल, तर ते त्याच घरात आहे. दुर्गाबाईंची धाकटी सख्खी बहीण म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. मला स्वतःला हे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं आणि कुणीच कसं सांगितलं नाही याचं वाईट वाटलं. १९३३ साली बीएस्सीला पहिली आलेली ही मुलगी, वडील आणि काका दोघं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले, तिनं तिथंच अर्ज टाकला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. त्यांनी अर्ज नाकारला, कारण काय तर मुलगी आहे. ही घरी बसली नाही, बंगळूर गाठलं, समोर उभी राहिली आणि कारण सांगा नाहीतर सत्याग्रह करते म्हणाली. मग प्रवेश दिला पण अटी घालून, की पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, गाईड म्हणेल तेव्हा, रात्री-अपरात्रीही काम करायचं, आणि तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. एक वर्ष तिनं ते सगळं सोसलं आणि काम असं केलं की नंतर रामन यांनीच मुलींना तिथं दार उघडलं. पुढं केंब्रिजला बटाट्यावर काम करताना तिला सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशीतही सापडलं, पेशीच्या श्वसनात त्याचा वाटा असतो. १९३९ ला पीएचडी, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. आपल्याकडं जाडजूड प्रबंध म्हणजे मोठी विद्वत्ता असं समजतात म्हणून हे मुद्दाम सांगितलं. भारतात परत येऊन नीरेवर, डाळींवर, म्हणजे गरिबाच्या पोटात काय जातं त्यावर काम केलं. पण बंगळूरचा तो अपमान मात्र त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या, आणि का विसराव्यात?

मुलीला एवढं नक्की सांगा ताई, की ह्या दोघींना अडवणारी किंवा अवघडून टाकणारी माणसं काही वाईट नव्हती. रामन म्हणजे देशाचा अभिमान, यशवंतराव म्हणजे पुस्तकांवर जीव असलेला माणूस, त्यात संमेलनाचं पाहुणचाराचं वातावरण. इंग्रजापुढं उभं राहायला धाडस लागतंच पण ज्याच्याबद्दल मनात आदर आहे त्याच्या तोंडावर नाही म्हणायला जे लागतं ते मला जास्त अवघड वाटतं, आपल्या घरात बघा की, सासऱ्यांना, मोठ्या भावाला नाही म्हणताना घशाला कोरड पडते.

भावावरून सावित्रीबाई आल्या. नेहमीचं नाव नको म्हणालात, पण हा प्रसंग भाषणात सहसा येत नाही. त्यांचं माहेर नायगाव, आपल्या साताऱ्याचं, खंडाळा तालुक्यात, शिरवळपासून जवळच. १८५६ मध्ये आजारपणामुळं त्या माहेरी येऊन राहिल्या होत्या, आणि तिथून ऑक्टोबरमध्ये जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात सांगितलंय की भाऊ म्हणाला, तू आणि तुझा नवरा महार-मांगांसाठी करता ते पाप आहे, कुळाला बट्टा लागतो, जातीच्या रूढीनं वागा. ह्यांनी त्याला विचारलं की शेळी-गाय प्रेमानं पाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, आणि महार-मांग तुझ्यासारखीच माणसं असून तुला चालत नाहीत, ते का सांग. पंचविशीतली बाई, दुखण्यातून उठलेली, माहेरच्या घरात बसून सख्ख्या भावाला हे विचारतीय. शेणगोळ्यांची गोष्ट सगळी मुलं सांगतात, तुमच्या लेकीला हे पत्र सांगू द्या.

आणि राजकारणाला आमच्या माहेरकडच्या हौसाताई पाटील. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, आई लहानपणीच गेली, वडील भूमिगत, घरदार इंग्रजांनी जप्त केलेलं, आजीनं वाढवलं. १९४३, प्रतिसरकारचे दिवस, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांना न जुमानता गावोगावी स्वतःचा कारभार चालवला तो काळ, आणि तेव्हा आमचा वाळवा तालुकासुद्धा सातारा जिल्ह्यातच होता. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या होत्या. हौसाताई तेव्हा सतराच्या, लग्न झालेल्या. ठाण्यासमोर एक कार्यकर्ता दारुडा नवरा झाला, ह्या बायको, आणि तो त्यांना मारायला लागला. चार पोलिसांतले दोघं जेवायला गेलेले. त्यानं मोठा धोंडा उचलला, इथंच ठेचतो म्हणाला, तसे उरलेले दोघं भांडण सोडवायला बाहेर पळत आले. ह्या रडतायत, मी नांदायला जाणार नाही म्हणतायत, पोलीस समजूत घालतायत, संसार असाच असतो वगैरे, आणि मागं साथीदारांनी बंदुका काढल्यासुद्धा. माझी आज्जी ही गोष्ट सांगताना दरवेळी इथं थांबायची आणि म्हणायची, बाई मार खातीय ह्यात कुणाला काय नवल वाटणार, म्हणून तर कुणाला संशय आला नाही. हौसाताईंची पुढं तक्रार एकच, की त्यानं खरंच लई जोरात मारलं.

गोव्याचीही गोष्ट आहे. तिथं पोर्तुगीजांनी एका साथीदाराला पकडलेलं, ह्या त्याची बहीण म्हणून तुरुंगात भेटायला गेल्या, सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी आंबाड्यात खोचून. परत येताना रात्री मांडवी नदी एका लाकडी पेटीवर पालथं पडून पार केली, साथीदार बाजूनं पोहत. २०२१ पर्यंत त्या होत्या, विट्याला.

ताराबाई भवाळकरांचं नाव पण घाला, सांगलीत मुलींच्या कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवलं, जात्यावरच्या ओव्यांत बायका काय बोलून गेल्या ते आयुष्यभर शोधलं, आणि २०२५ ला दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

पाच मिनिटांचं भाषण असेल तर सगळ्या घेऊ नका, नुसती यादी होईल. भागवत बहिणी आणि हौसाताई एवढंच ठेवा, आणि सुरुवात त्या धोंड्यापासून करा, पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकतील. काही अडलं तर इथंच विचारा, मी रात्री जेवणं झाली की बघते.