वाचकांचे प्रश्न : बाहेरच्या भिंतीवरून जाणारा वायरिंगचा पाइप

प्रश्न : आमचं घर नाशिकला आहे. मीटरपासून मागच्या बोअरवेलच्या पंपापर्यंत पश्चिमेच्या भिंतीवरून ९ मीटर पांढरा पीव्हीसी पाइप टाकला होता. दोन उन्हाळ्यांत पाइप मधेच पोट काढून बाहेर आलाय, चार सॅडल (पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) स्क्रूसकट निघालेत आणि एका कपलरपाशी, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्यापाशी, वायर उघडी दिसते. इलेक्ट्रिशियन म्हणतो, आणखी सॅडल ठोकू. तेवढ्याने भागेल का? आणि नियम काय आहे?

उत्तर : वायर उघडी दिसते आहे, तर आधी त्या लाइनचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाडलेलाच ठेवा.

नुसते सॅडल वाढवून भागणार नाही. वायरिंगचं भारतीय मानक म्हणजे आयएस ७३२. उघड्या बसवलेल्या पीव्हीसी पाइपला दर ६० सेंटीमीटरला आधार, लोखंडी पाइपला जास्तीत जास्त १ मीटरला, आणि कपलर किंवा बेंडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ३० सेंटीमीटरवर एकेक सॅडल, ही त्यातली रीत. ३ मीटरच्या पाइपवर हे फार सुटसुटीत जमतं. टोकापासून ३०, ९०, १५०, २१० आणि २७० सेंटीमीटरवर खुणा करा. पुढच्या पाइपचा पहिला सॅडल आपोआप ६० सेंटीमीटरवर येतो आणि कपलरच्या दोन्ही बाजूंचे ३० सेंटीमीटरही साधतात. तुमच्या तीन पाइपांना १५ सॅडल, बेंडचे वेगळे.

पण तुमचे सॅडल संख्येपायी निघालेले नाहीत. पीव्हीसी तापलं की लांबतं : १ मीटरला, १ अंश तापमानवाढीमागे, साधारण ०.०७ मिलिमीटर. पहाटेच्या गारव्यापासून पश्चिमेच्या उन्हापर्यंत ३५ अंशांचा फरक धरला, तर ९ मीटरला २२ मिलिमीटर होतात. सगळे कपलर सोल्युशनने चिकटवलेले आणि सॅडल करकचून आवळलेले असले, तर ही वाढ जाणार कुठे? पाइप बाहेरच फुगणार.

म्हणून प्रत्येक पाइपचा मधला, १५० सेंटीमीटरवरचा सॅडल घट्ट ठेवा. बाकीच्या चारांत पाइप हाताने पुढेमागे सरकला पाहिजे. कपलरचं एकच तोंड चिकटवा. दुसऱ्या तोंडात पाइप पूर्ण आत सारून पेन्सिलने खूण करा आणि ८ ते १० मिलिमीटर मागे ओढा. काम भर उन्हात करत असाल तर पाइप तेव्हाच लांबलेला असतो, २-३ मिलिमीटर पुरे. उभ्या पाइपात चिकटवायचं तोंड वरचं, म्हणजे पाइपावरून ओघळणारं पाणी आत शिरत नाही.

आता स्क्रू. निघालेला एखादा प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीच्या भोकात बसवतात ती नळी, हातात घेऊन पाहा. त्याला फक्त सिमेंट-वाळूचा भुगा चिकटलेला असेल, विटेची लाल पूड नसेल, तर तो गिलाव्यातच अडकलेला होता. बाहेरचा गिलावा साधारण २० मिलिमीटर असतो आणि बाजारात सर्रास मिळणारा आखूड प्लग त्यातच संपतो. ८ मिलिमीटरचा, ४० मिलिमीटर लांब नायलॉनचा प्लग घ्या. भोक ६० मिलिमीटर खोल पाडा, पंपाने किंवा फुंकून भुगा काढा आणि प्लग पृष्ठभागापासून १० मिलिमीटर आत ठोका, म्हणजे ३० मिलिमीटर विटेत राहतो. त्यात ५ × ६० मिलिमीटरचा स्टेनलेस स्क्रू. सॅडलच्या बैठकीचं भोक लहान पडलं तर थोडं वाढवून घ्या.

पाइपही बदलाच. पातळ पांढरा पाइप उन्हात पिवळा पडून ठिसूळ होतो आणि बोटाने दाबला तरी तडकतो. आयएस ९५३७ आणि ‘हेवी’ असं छापलेला घ्या. त्यावर फिकट रंगाचा, पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतीचा रंग द्या. गडद रंगाने तो जास्त तापेल.

एवढी दुरुस्ती म्हणजे नुसता दिवा बदलणं नव्हे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच ती करून घ्या, कायद्याचंही तेच म्हणणं आहे.

प्रश्न : रत्नागिरीजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, गिलावा नाही. लोखंडी पाइप बसवावा का? आणि चिऱ्यात भोकं नीट पडत नाहीत.

उत्तर : खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पाइपचे आटे आणि कापलेली टोकं आधी गंजतात. तिथेच अर्थिंगचं सातत्यही तुटतं. हेवी पीव्हीसी पाइप आणि आतून वेगळी हिरवी अर्थ वायर, हे आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या.

चिऱ्यात ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. नुसतं फिरवूनच भोक पाडा, नाहीतर ८ चं भोक १२ चं होतं. भोक चिऱ्याच्या पोटात घ्या, सांध्यात नको. ड्रिल एकदम आत गेलं तर तिथे पोकळी आहे. ५ सेंटीमीटर बाजूला सरका आणि जुनं भोक सिमेंटने बुजवा. सॅडल बैठकीचा घ्या, म्हणजे पाइप आणि चिरा यांत फट राहते. फट नसली की तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर जुलैमध्ये गच्चीखालच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी भरतं आणि आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. बॉक्सला सिलिकॉन लावून झालं. पाइप पावसाच्या पाण्याच्या पाइपाला बांधलेला आहे.

उत्तर : पाणी बहुधा झाकणातून नव्हे, वरून बॉक्समध्ये उतरणाऱ्या पाइपातून येतंय. बाहेरच्या बॉक्समध्ये पाइप नेहमी खालून किंवा बाजूने, ग्लँडमधून (पाइपाभोवती घट्ट बसणाऱ्या तोंडातून) घ्यावा. भिंतीतून आत जाणारं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि पाइपचं घरातलं तोंड बुजवावं. एवढं करूनही आतल्या हवेचा दमटपणा गारव्यात पाणी होऊन साचतो, म्हणून सगळ्यात खालच्या बॉक्सच्या तळाला ५-६ मिलिमीटरचं भोक ठेवून त्यावर बारीक जाळी लावा. सगळीकडून सिलिकॉन लावलेल्या बॉक्समधलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

पावसाच्या पाइपाची बांधणी सोडवा. तो हलतो, कधी बदलला जातो आणि प्लंबर तो कापताना वायरवर करवत जाते. भिंतीला स्वतंत्र सॅडल मारा. पाणी लागलेल्या वायरी पुन्हा वापरण्याआधी सप्लाय तोडून, उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बदलायची.